दोन बुबुळांमधलं अंतर

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार, क्षेम, हवापाणी हे सगळं लिहिलं आहे असं समज. दुकानात काउंटरवर बसून लिहितेय. समोरच्या गिऱ्हाइकाला गोल फ्रेम घ्यावी की चौकोनी हे अर्धा तास ठरत नाहीये, तेवढ्या वेळात संपवते.

काल घरी तुझ्या बँकेचं पाकीट आलं. धाकट्याच्या नावाचं.

पुन्हा वाच. मीही तीनदा वाचलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, आणि पत्ता आपल्या घराचा. आत कोरं क्रेडिट कार्ड, त्यावर सोनेरी चिप, आणि पत्र: ‘आपल्या सुरक्षिततेसाठी आम्ही आपले जुने कार्ड बदलून देत आहोत.’ सोबत गेल्या महिन्याच्या खर्चाचं विवरण. बावीस वर्षांपूर्वी ‘आलोच गं’ म्हणून चपला घालून निघून गेलेल्या आपल्या भावाचं ‘जुनं कार्ड’!

त्याच्या नावाचं काही आलं की आई ते फोडत नाही, त्याच्या खणात ठेवते, हे तुला माहीत आहे. ह्या वेळी फोडलं. म्हणाली, “हाताला जाड लागलं.” मग कार्ड पदराला पुसून खिडकीशी नेलं आणि मला म्हणाली, “बघ, पत्ता विसरलेला नाही.” संध्याकाळी त्याची गादी उन्हातून आत आणलेली दिसली. सकाळी कधी टाकली होती, कोण जाणे.

फोन करत नाही. फोनवर बोलताना आई माझ्या तोंडाकडे बघत असते. आणि तू फोनवर विनोद करून वेळ मारून नेतोस, कागदावर तुला ते तितकं जमत नाही. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तुमच्या यंत्राची चूक आहे का ही? की तो आहे?

गिऱ्हाइकाने दोन्ही फ्रेमा नको म्हणून सांगितलं.

तुझी धाकटी बहीण

११ फेब्रुवारी

भिंगाबाईंना आयुष्य, आरोग्य आणि गिऱ्हाइकांना निर्णयशक्ती लाभो.

पाकीट आमचंच. पत्रही माझंच. सहा वर्षं व्याकरण आणि न्यायशास्त्र घोकून मी कार्ड विभागात ग्राहकांना पाठवायच्या पत्रांची भाषा तपासतो, हे तू चारचौघांत सांगायचं टाळतेस ते मला ठाऊक आहे. ‘आपला पिन कोणालाही सांगू नये’ हे सूत्र माझं. थोडी अक्षरं, संदिग्धता शून्य. सूत्र म्हणून निर्दोष. फक्त कोणी पाळत नाही.

आता मुद्दा. यंत्राची चूक नाही. त्याच्या नावाचं खातं दोन वर्षांपूर्वी उघडलं गेलं, दुसऱ्या शहरात. राहण्याचा पत्ता तिथला, कायमचा पत्ता आपला. तिथे पाठवलेलं टपाल ‘घर बंद’ म्हणून परत आलं, तेव्हा ते कायमच्या पत्त्यावर निघालं. कागद रीतसर आहेत. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो अंधुक. खातं देण्याआधी आमच्याकडून घरी खात्रीचा फोन झाला होता. त्याची नोंद मी वाचली: ‘वृद्ध महिलेने सांगितले, हो, आमचाच मुलगा. आत्ता बाहेर गेलाय.’

आईला विचारू नकोस. ती खोटं बोललेली नाही. बाहेरच गेलाय तो.

आमच्या शास्त्रात संशयाचं एक ठरीव उदाहरण आहे. संधिप्रकाशात लांबवर काहीतरी उभं दिसतं, तो खांब आहे की माणूस? शास्त्र सांगतं, जवळ जा, हातपाय दिसतात का बघ, तोवर काही ठरवू नकोस. मी फाइल हातात घेणार नाही. नात्यातला आहे, हे साहेबांना लिहून दिलं. तपास विभागातल्या बाई बघताहेत. कडक आहेत, पण माणूस म्हणून मऊ.

कार्ड कुठे वापरू नका. तसंही ते चालणार नाही. जुन्या कार्डाला काळी पट्टी आणि सही पुरत होती. सही काय, कोणीही गिरवतो. हे नवं कार्ड मालकानं शाखेत येऊन चेहरा आणि बोट दिल्याखेरीज जिवंत होत नाही. आईला गादी उन्हात टाकू दे. ऊन फुकट असतं.

दादा

१९ फेब्रुवारी

दादा,

तुझा खांब तुझ्यापाशी ठेव. माझ्याकडे माणूस आहे.

ते विवरण मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालं. पाच तारखेला चपलांचं दुकान. आठला लोखंडी सामानाचं, म्हणजे काहीतरी दुरुस्त करत असणार. लहानपणी घरातलं एक घड्याळ त्यानं सोडलं नाही. बाराला मिठाई. कुणासाठी घेतली असेल? चौदाला पुन्हा लोखंडी सामान, म्हणजे पहिल्यांदा चुकीचं माप आणलं, अगदी तोच! आणि एकवीस तारखेला, दादा, चष्म्याचं दुकान.

आई रोज दुपारी म्हणते, “वाच गं.” मी वाचते. ती चपलांपाशी थांबवते. “अजून टाचेकडून झिजवत असेल.” बावीस वर्षांत आम्ही दोघी त्याच्याबद्दल इतकं बोललो नाही. ती त्याचा राग राग करत होती हे मला आत्ता कळलं. आता करत नाही, म्हणून कळलं. परवा तिनं दारावरची पाटी खाली काढून चिंचेनं घासली. चारही नावं लखलखताहेत. आपली तिघांची, आणि वारलेल्या बाबांचंसुद्धा.

त्या चष्मेवाल्याला मी ओळखत नाही, पण आम्ही दोघं काचा एकाच घाऊकवाल्याकडून घेतो. त्याच्याकडून पत्ता काढला आणि धंद्यातल्या धंद्यात पत्र टाकलंय: अमुक तारखेच्या गिऱ्हाइकाचा नंबर कळवा. माणूस नाव बदलेल, दाढी वाढवेल, पण नंबर कुठे लपवेल? त्याचा उणे नऊ होता. शेवटच्या काचा मी माझ्या हातानं घासल्या होत्या, नवीन नवीन कामाला लागले होते तेव्हा. कडा इतक्या जाड की तो म्हणायचा, “ताई, ह्यात मासे सोड.”

उत्तर येईपर्यंत कृपा करून काही बंद करू नका. तुमच्या बाईंना सांग. तो तिकडे दुकानात कार्ड काढेल आणि दुकानदार ‘चालत नाही’ म्हणेल, आणि तो पुन्हा निघून जाईल.

तुझी बहीण

२७ फेब्रुवारी

भिंगाबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा भाऊ म्हणून, एकदा बँकेचा नोकर म्हणून. पहिल्या वाचनात चष्मा पुसावा लागला. त्याची काच तुझ्याच दुकानातली, तेव्हा दोष काचेचा नाही.

दुसऱ्या वाचनाचं सांगतो. घड्याळ, चपला, मिठाई. धूर पाहून डोंगरावर विस्तव आहे असं म्हणणं हे अनुमान. पण तू विस्तव हवा आहे म्हणून धूर बघते आहेस. लोखंडी सामान जगात पुष्कळ लोक चुकीच्या मापाचं आणतात. मी दर महिन्याला आणतो.

आता नीट ऐक, कारण ह्यात वेळ कमी आहे. त्या माणसानं अर्ज केलाय: नवं कार्ड मिळालं नाही, दुसरं द्या, शाखेत येऊन घेतो. त्याला अठरा मार्चची सकाळ दिली आहे. तो येईल, चेहरा देईल, बोट देईल. आणि त्या क्षणी आमचं हे जास्त सुरक्षित कार्ड त्या नावाभोवती कुलूप लावेल. आतापर्यंत चोर असेल तर त्यानं नाव उसनं नेलंय असं म्हणता येत होतं. अठरा तारखेनंतर ते नाव त्याचं. उद्या आपला धाकटा खरोखर दारात आला, कुठल्याही खिडकीशी जाऊन आपलं नाव सांगू लागला, तर यंत्र त्याला म्हणेल, तुम्ही तुम्ही नाही. चोराला आत घेऊन दार लावल्यावर कुलूप जितकं चांगलं तितकं वाईट.

हे थांबवायचं तर घरच्यांचं निवेदन हवं: आमचा माणूस इतक्या वर्षांपासून आमच्या संपर्कात नाही, हे खातं त्याचं नाही. सही आईची. कारण फोनवर ‘हो’ म्हणाली ती आई.

आणि तो धाकटाच असेल, तर हेच निवेदन त्याच्या तोंडावर दार लावेल. हे मलाही कळतं. म्हणून विचारतो, चष्मेवाला काय म्हणाला?

दादा

५ मार्च

ती. दादास,

पत्र पोचले. चष्मेवाल्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. आल्यावर लगेच कळवीन.

आईची तब्येत उत्तम आहे. दोन्ही वेळा नीट जेवते. काल तिने जिन्याचा दिवा बदलून घेतला, त्याला कमी दिसते म्हणून.

निवेदनाचे म्हणशील तर इतकी घाई कशासाठी, हे मला समजत नाही. त्या वर्षी सुद्धा तूच सर्वांत आधी थकलास. दोनशे पत्रे पाठवून झाल्यावर ‘आता वाट बघू’ म्हणालास आणि परगावी नोकरी धरलीस. वाट बघायला आम्ही दोघी उरलो.

कळावे.

९ मार्च

बाई,

लहानपणापासून तू खोटं लिहिताना अक्षर सुंदर काढतेस. ह्या पत्रात एकही खाडाखोड नाही, काना-मात्रा जागच्या जागी, आणि ‘ती. दादास’. उत्तर आलेलं आहे.

पण तुला बोलायचा मला अधिकार नाही. मीही लपवलंय.

अकरा फेब्रुवारीला मी लिहिलं, कागद रीतसर आहेत. रीतसर होतेच. ते रीतसर कसे झाले हे लिहिलं नाही. जन्मदाखल्याच्या प्रतीवर डाव्या कोपऱ्यात शाईनं ‘खरी प्रत’ असं लिहिलंय आणि खाली आकडा: १४३. अक्षर माझं आहे.

आठवतं ना? तो गेल्यावर मी एक विनंतिपत्र लिहिलं होतं, खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना, दवाखान्यांना, कारखान्यांना. ‘ह्या वर्णनाचा तरुण आपल्याकडे आल्यास कृपया कळवावे.’ भाषा फार जपून घडवली होती. बाबा म्हणाले, फोटो पुरे. मी म्हणालो, नाही, पुरावा हवा, नाहीतर लोक खोडसाळपणा समजतील. दाखल्यांच्या प्रती जोडू. जेवणाच्या टेबलावर बसून दोनशे प्रतींवर क्रमांक घातले, कुणाला कुठली गेली ते कळावं म्हणून. म्हणजे आपल्या भावाची जन्मतारीख, शाळा, आईचं नाव, घरचा पत्ता आणि घरचा फोन, शिवाय ‘हा माणूस सध्या स्वतःचं नाव वापरत नाही’ ही सूचना, इतकं सगळं मी दोनशे अनोळखी दारांत सुवाच्य अक्षरात वाटलं. एकशे त्रेचाळिसाव्या दारात कुणीतरी ते जपून ठेवलं.

आज मी लोकांना कळवतो, ‘आपल्या कागदपत्रांच्या प्रती अनोळखी व्यक्तीस देऊ नयेत.’ दर तिमाहीला. खाली सही विभागाची असते म्हणून बरं.

मी आधी थकलो असं तू म्हणतेस. थकलो नव्हतो. दोनशे पत्रांना एक उत्तर येत नाही, ह्याची मला लाज वाटली. मी इतकं चांगलं लिहिलं होतं.

प्रत १४३ वापरणारा माणूस धाकटा असू शकत नाही असं मात्र नाही. त्यालाही ते पत्र कुठेतरी सापडलं असेल, त्यानंच ते वापरलं असेल. ह्या फटीतून मीही महिनाभर बघत होतो. तेव्हा सांग. काय नंबर आहे?

दादा

१४ मार्च

दादा,

उत्तर एक तारखेलाच आलं होतं.

उजवा अधिक दोन, डावा अधिक पावणेदोन. जवळचा चष्मा. वाचायचा. उणे नऊवाला माणूस वाचायला चष्मा घालत नाही रे, तो काढतो.

पण तू तुझ्या फटीतून बघत होतास, तशी माझीही एक फट होती. मोतीबिंदू काढून आत भिंग बसवलं की नंबर पार बदलतो. उणे नऊचा माणूस दूरचं चष्म्याशिवाय बघतो आणि वाचायला चष्मा लावतो. आमच्याकडे रोज येतात असे. धाकटा आता सेहेचाळीस. इतक्या जाड नंबराला मोतीबिंदू लवकर येतो. चार दिवस मी त्याचं ऑपरेशन करून टाकलं होतं, मनातल्या मनात, चांगल्या डॉक्टरकडून. पाच तारखेचं पत्र त्या दिवसांतलं. त्यातलं जिन्याच्या दिव्याचं खरं आहे.

मग लाज वाटली. आपण हा धंदा पंचवीस वर्षं करतो, आणि जे विचारायला हवं ते विचारायला घाबरतो. चष्मेवाल्याला फोन केला आणि दोन बुबुळांमधलं अंतर विचारलं. नंबर बदलतो, दादा. डोळे बदलता येतात. पण मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर बदलत नाही. ते हाडाचं असतं. धाकट्याचं अठ्ठावन्न मिलिमीटर. जवळजवळ डोळे, म्हणून तर आत्या त्याला ‘घुबडा’ म्हणायची. मी दोनदा मोजलं होतं, कारण मला वाटलं पहिल्यांदा चुकले.

ह्या माणसाचं अडुसष्ट.

एक सेंटिमीटर. बावीस वर्षं एका सेंटिमीटरनं हुकली.

आईला कालच सांगितलं. घरातली मोजपट्टी घेऊन तिच्या नाकावर धरली, मग माझ्या नाकावर धरली, आणि अठ्ठावन्न कुठे, अडुसष्ट कुठे ते दाखवलं. तिनं पट्टीवरच्या दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे त्या मिठाईचं काय?” मी म्हटलं, ती दुसऱ्या कुणी कुणासाठी तरी घेतली. “बरं,” म्हणाली. उठून चहा ठेवला आणि तीन कप काढले, मग एक आत ठेवला.

तू पाठवलेल्या निवेदनाच्या फॉर्मवर दोन चौकोन आहेत, ‘मयत’ आणि ‘बेपत्ता’. तिनं पेन माझ्या हातातून घेतलं. कुठल्या चौकोनात खूण आहे ते तू बघशीलच. सही थोडी वर गेलीय, रेघ तिला दिसली नाही.

तुझ्या एकशे त्रेचाळीसचंही सांगितलं. मला वाटलं, चिडेल. म्हणाली, “त्याला सांग, पाकिटं मीच चिकटवली होती.”

आणि तिचा एक निरोप आहे, तिच्याच शब्दांत लिहिते: “अठराला तू तिथे जा. त्या माणसाला नावानं हाक मारतील ना? तो ओ देतो का, ते मला येऊन सांग.”

बहीण

२० मार्च

भिंगे,

तुझ्या पत्रावर विनोद सुचला नाही, ह्याची नोंद घे. पंचवीस वर्षांतला पहिला प्रसंग.

गेलो होतो. शाखा आपल्या कुठल्याही शाखेसारखी: काच, टोकनाचं यंत्र, भिंतीवर माझी सूत्रं. तपासाच्या बाई आतल्या खोलीत होत्या, साध्या कपड्यात दोन पोलीस फॉर्म भरायचं सोंग करत होते. त्यातला एक खरंच भरत बसला होता. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. माझ्या खिशात तुझं पत्र.

अकराच्या सुमारास खिडकीतल्या मुलीनं नाव पुकारलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, मोठ्यानं. मी ते नाव कुणाच्या तोंडून मोठ्यानं शेवटचं कधी ऐकलं होतं, ते आठवत नाही.

तिसऱ्या रांगेतून “ओ!” आली. पहिल्याच हाकेला. सहज, जशी घरात आतल्या खोलीतून येते तशी.

आणि मी उठून उभा राहिलो. सगळं माहीत होतं, अठ्ठावन्न आणि अडुसष्ट पाठ होते, तरी पायांनी विचारलं नाही. आमच्या शास्त्रात ‘तोच हा’ अशा ज्ञानाला एक मोठं भारदस्त नाव आहे. ते ज्ञान मला दीड सेकंद झालं. मग तो वळला.

पंचावन्नचा असेल. नीटनेटका, टक्कल पडलेला, इस्त्रीचा शर्ट, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. डोळे लांब लांब. तुझी पट्टी लागली नसती.

त्यानं काही विरोध केला नाही. तो पूर्वी खोल्या भाड्यानं देणाऱ्या एका ठिकाणी टेबलावर बसायचा. एकशे त्रेचाळीस तिथेच गेलं होतं. पुढे त्याचं स्वतःचं नाव कुठेच चालेनासं झालं, तेव्हा खणात ठेवलेलं हे नाव त्यानं बाहेर काढलं. बाईंनी मला पाच मिनिटं आत बसू दिलं. मी कोण ते सांगितलं. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, “ते पत्र तुम्ही लिहिलं होतं? इतकं चांगलं होतं हो, फेकवेना.”

त्या पत्राला बावीस वर्षांत आलेलं हे एकच उत्तर.

मी विचारलं, मिठाई कुणासाठी? आईसाठी विचारलं. म्हणाला, वाढदिवस होता. कुणाचा? त्यानं सांगितलं, “कागदावर बारा तारीख आहे ना.” बारा जानेवारी, धाकट्याची जन्मतारीख. सुरुवातीला पाठ राहावी म्हणून आणायचा म्हणे, मग सवय झाली.

हे आईला सांगावं की नाही, तू ठरव. ओ दिली, एवढं मात्र नक्की सांग.

ते खातं बंद झालं. आता त्या नावाला आमच्याकडे आणि सगळीकडे टाचणी लावता येते: ह्या नावानं कोणी काही मागायला आलं की आधी घरी विचारायचं, आणि ओळख पटल्याखेरीज पुढे जायचं नाही. त्यासाठी सोबतचा फॉर्म. त्यात ‘ओळखीची खूण’ असा रकाना आहे. लोक तीळ लिहितात. घरी आलेलं ते नवं कार्ड चिप मधोमध कापून परत पाठवा.

पुढच्या महिन्यात मी येतो. आठ दिवस राहीन. जिन्याचा दिवा बघायचा आहे.

दादा

२६ मार्च

दादा,

सगळं वाचून दाखवलं. मिठाईसकट. लपवालपवीनं आपल्या दोघांचंही फारसं भलं झालेलं नाही.

‘ओ’पाशी तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. वाढदिवसापाशी म्हणाली, “मी बारा जानेवारीला काहीच करत नव्हते. राग होता ना.” आणि मग, “कुणीतरी केलं.”

कार्ड तिनं स्वतः कापलं. भाजीची कात्री पुरली नाही, माझी फ्रेम कापायची पक्कड दिली. सोनेरी चिपचे दोन तुकडे पाकिटात घातलेत, मोजून घे.

तुझा फॉर्म जोडला आहे. ओळखीच्या खुणेत मी तीळच लिहिणार होते, मानेवरचा. ती म्हणाली, तीळ कोणीही पाहून ठेवतो, तुझं ते लिही. मी लिहिलं: ‘दोन बुबुळांमधलं अंतर अठ्ठावन्न मिलिमीटर.’ तुमच्या बाई हसतील. हसू देत. खाली तपासणाऱ्याचं नाव विचारलंय, तिथे माझं घातलं.

पाटी दारावर परत लावली. चारही नावं आहेत. मी विचारलं, त्याचं ठेवायचं ना? तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अक्कल गमावली. “आता तर मोकळं झालं,” म्हणाली. “येईल तेव्हा त्याला लागेल.”

तिनं एक वस्तू मागवली होती, ती मी काल दुकानातून घरी येताना आणली. बुबुळांचं अंतर मोजायची माझी जुनी पट्टी. दाराच्या आतल्या बाजूला, किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवलीय. येशील तेव्हा आधी तुझं मोजेन. आईनं सांगितलंय, दारात येईल त्या प्रत्येकाचं मोजायचं.

तुझी बहीण